दूध उकळलं, पण पुढे काय?

ईद जवळ आली की आपल्या घरांत दुधाची मागणी एकदम वाढते. पिशव्या कमी पडल्या तर तबेल्यातून सुटं दूध येतं. शीरखुर्म्याचं मोठं पातेलं चढतं आणि पाहुण्यांसाठी दिवसभर ओट्यावरच राहतं. दूध उकळलेलं आहे, मग बिघडेल कशाला, असं आपण धरून चालतो. गफलत इथेच होते.

दूध तापवल्यावर नेमकं काय होतं, ते आधी पाहू. पेय न उकळता ठरावीक उष्णता दिली तरी ते नासवणारे जंतू मरतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवलं. त्यांच्याच नावावरून या पद्धतीला पाश्चरायझेशन म्हणतात. डेअरीत दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटं तापवतात आणि लगेच थंड करतात. त्यामुळे क्षय, ब्रुसेलोसिस यांसारख्या रोगांचे जंतू मरतात. दूध आंबवणारे काही जंतू मात्र उरतात, म्हणून पिशवी थंडच ठेवावी लागते. खोक्यातलं यूएचटी दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं. न उघडता ते बाहेर टिकतं, उघडल्यावर तेही फ्रिजमध्येच ठेवायचं.

सुट्या दुधावर यातलं काहीच झालेलं नसतं. धारोष्ण दूध ताकदीचं, असं जुनी माणसं सांगतात; पण जनावर वरून धडधाकट दिसलं तरी दुधातून आजार येऊ शकतो. ब्रुसेलोसिसमध्ये ताप येत-जात राहतो, घाम येतो, सांधे दुखतात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना तर निरसं दूध अजिबात देऊ नये. दूध वर आलं की लगेच गॅस बंद करू नका. आच कमी करून ढवळत आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्या.

आता शीरखुर्म्याकडे येऊ. उकळल्यानंतरही हातातून, चमच्यातून नवे जंतू पातेल्यात जातात. कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात आणि त्यातले काही विष तयार करतात. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात, पण हे विष उरतं. वास आणि चव ठीक असली तरी उलट्या-जुलाब होतात ते यामुळेच.

यावर उपाय सोपा आहे. लागेल तेवढाच शीरखुर्मा बाहेर ठेवा, तोही दोन तासांच्या आत संपवा. कडक उन्हाळ्यात एका तासात. उरलेला लहान भांड्यांत काढून, थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे आले की हवा तेवढाच काढून चांगला गरम करा. अन्न फेकणं आपल्याला पटत नाही. म्हणूनच ते फेकायची वेळ येऊ नये, याची काळजी आधीच घेतलेली बरी.