सहीपुरती बैठक

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीची नोटीस मुलाच्या दप्तरातून घरी येते. आई कामं आटोपून शाळेत जाते, मागच्या बाकावर बसते, सही करते आणि परतते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. कागदावर हा हिशेब बरोबर जुळतो. बोलतात मात्र मुख्याध्यापक, अध्यक्ष आणि एखादे अनुभवी चाचा.

आमच्या उर्दू शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. हे घराघरांतल्या अम्मींना ठाऊक होतं, आम्हा शिक्षकांना नव्हतं. बैठकीत चर्चा झाली ती स्नेहसंमेलनाची. कडीचा विषय निघाला तो सगळे उठल्यावर, दाराशी, चपला घालताना. तिथे बायका मोकळेपणाने बोलतात!

मग बसायची पद्धत बदलली. बाकं बाजूला सारून सतरंजीवर गोल बसलो. प्रत्येकीला नावाने विचारायचं आणि मुख्याध्यापकांनी शेवटी बोलायचं, असं ठरलं. मोठ्या माणसाचं मत आधी आलं की बाकीचे ‘जी, बरोबर’ म्हणून मोकळे होतात, हे आपण घरातही पाहतोच. पहिल्या खेपेला बऱ्याच जणी हसून गप्प राहिल्या. दुसऱ्या खेपेला कडी निघाली, नळ निघाला, पोषण आहारातल्या कच्च्या भाताची तक्रारही निघाली. मुख्याध्यापकांना ती फारशी रुचली नाही, पण लिहून घेतली.

भाषेचाही प्रश्न असतो. बोलणं उर्दूत होतं आणि इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं. म्हणून सहीआधी ते वाचून, समजावून सांगायला हवं. ‘दुरुस्ती करावी’ एवढंच लिहिलं तर दुरुस्ती कोणीच करत नाही. कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे नावानिशी लिहावं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय आपल्याकडे एका दमात उरकतात. खरं तर तिथेच थांबून विचारायचं असतं, मागचं काय झालं?

शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि कायद्याप्रमाणे सरकारच्या अनुदानाला आधार त्याच आराखड्याचा असतो. कडी बाजारातून आणून बसवता येते. नवं स्वच्छतागृह हवं असेल, तर मागच्या बाकावरच्या आईचं म्हणणं आधी त्या आराखड्यात यावं लागतं.