पडत्या भावाचे कागद

१८४३ सालचा हिवाळा. बाल्टिमोरजवळ रेल्वेरुळांच्या कडेने खेचरं एक अजब नांगर ओढत होती. जमीन चिरायची, चिरेत शिशाची नळी सोडायची आणि वर माती लोटायची, ही तिन्ही कामं तो एका दमात करी. नळीत सॅम्युअल मोर्सच्या तारायंत्राच्या तारा होत्या. पण तारांवरचं आवरण कुचकामी निघालं. सरकारने दिलेल्या ३०,००० डॉलरचा जाब द्यावा लागणार, म्हणून मोर्सला काम थांबवायचं होतं, पण गाजावाजा न होता. नांगर घडवणाऱ्या एझ्रा कॉर्नेलने खेचरांना हाकललं आणि नांगर थेट खडकावर घातला. नांगर मोडला, अब्रू वाचली. पुढे तारा खांबांवर चढल्या आणि मे १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश गेला.

कॉर्नेल १८०७ साली एका कुंभाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम, सुतारकाम मात्र हातात बसलेलं. तारांच्या धंद्यात आल्यावर मिळकत तो शेअरमध्ये गुंतवत गेला. बऱ्याच तारकंपन्या डबघाईला आलेल्या, घरी कर्ज. तरी त्याने कागद विकले नाहीत. १८५० च्या दशकात त्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून ‘वेस्टर्न युनियन’ उभी राहिली आणि कॉर्नेल तिचा सर्वांत मोठा भागधारक ठरला.

पैसा आल्यावर तो राजकारणात उतरला. आधी न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीत, मग १८६४ पासून राज्याच्याच सिनेटमध्ये. तिथे तो कृषी समितीचा अध्यक्ष, तर तरुण प्राध्यापक अँड्र्यू व्हाइट शिक्षण समितीचा. १८६२ च्या मॉरिल कायद्याने न्यूयॉर्कच्या वाट्याला शेतकी व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी सुमारे ९,९०,००० एकर सरकारी जमिनीची हक्कपत्रं आली होती. ती अनेक संस्थांत वाटावीत, असं आधी कॉर्नेलचंच मत. वाटून कुणाचंच भलं होणार नाही, हे व्हाइटने पटवलं. मग कॉर्नेलने एकाच नव्या विद्यापीठासाठी पाच लाख डॉलर आणि इथाकातली आपली शेतजमीन देऊ केली. वाटा हुकणार म्हणून धर्मपंथांची महाविद्यालयं खवळली. एका महाविद्यालयाला २५,००० डॉलर द्या, तरच विद्यापीठाचं विधेयक पुढे सरकेल, अशी अट आली. दान करायलाही त्याला दंड भरावा लागला! एप्रिल १८६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या सनदेवर सही झाली. १८६८ साली वर्ग सुरू झाले.

खरी कसोटी पुढेच होती. अनेक राज्यं हक्कपत्रं विकायला काढत असल्याने सरकारी सव्वा डॉलरचा एकर निम्म्या भावात जात होता. कॉर्नेलने न्यूयॉर्कची बरीचशी हक्कपत्रं स्वतः उचलली आणि त्यांतून विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं घेतली. कर, देखरेख, दलाली, सगळा भार त्याच्यावर; नफा विद्यापीठाचा. तरी आमदाराने जमिनी लाटल्या, अशी ओरड झालीच. रेल्वेतल्या गुंतवणुकीने त्याची स्वतःची संपत्तीही आटली. डिसेंबर १८७४ मध्ये तो वारला, तेव्हा ही जंगलं विद्यापीठाच्या गळ्यातलं लोढणंच होती.

विश्वस्तांनी मात्र घाईने ती विकली नाहीत. लाकडाचे भाव चढले आणि विद्यापीठाच्या पदरात सुमारे पन्नास लाख डॉलर पडले. देणगीपेक्षा दसपट मोलाची ठरली ती कॉर्नेलची थांबायची तयारी.