काचपट्टीवरचा तपकिरी रंग

घशातल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला की तो मेणात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि काचपट्टीवर रंगवतात. पी-१६ नावाचे प्रथिन जिथे साचले असेल तिथे पेशी तपकिरी होतात. किमान ७० टक्के पेशी ठळक रंगल्या तरच अहवालात ‘पॉझिटिव्ह’ लिहायचे.

टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी एचपीव्ही विषाणूने ठाण मांडले की त्याचे ई-७ हे प्रथिन पेशीविभाजनाचा लगाम निकामी करते. तो आवळायला पेशी पी-१६ बनवत सुटते, पण व्यर्थ. असे रुग्ण उपचारांना सहसा चांगली दाद देतात. मग त्यांची केमो सौम्य करावी, असा विचार पुढे आला. सिस्प्लॅटिन या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८मध्ये आले, तेव्हा उलट मृत्यू वाढलेले दिसले. खूण खरी होती, तिच्यावरून बेतलेला उपचार चुकला.

आपल्याकडे तर घशाच्या कर्करोगामागे बहुतेकदा तंबाखूच असते. तिथे पी-१६ फारसे काही सांगत नाही.

म्हणून प्रथिनांचा शोध इथेही व्हायला हवा, आणि तो होतो आहे. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्ससोबत २०१४मध्ये मानवी प्रथिनांचा आराखडा ‘नेचर’मध्ये मांडला. त्यात १७,२९४ जनुकांची प्रथिने होती. हे काम दिसायला रूक्ष. पण निरोगी ऊतीत काय असते हेच ठाऊक नसेल, तर गाठीत काय वाढले हे कशावरून ठरवणार?

याच शहरातल्या बायोकॉनने २००६मध्ये निमोटुझुमॅब बाजारात आणले. मूळ रेणू क्युबाचा. पेशीला वाढीचा हुकूम देणारे ईजीएफआर हे प्रथिन ते अडवते. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१९च्या निकालांनुसार, रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनला या औषधाची जोड मिळालेल्यांत रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. एकूण आयुर्मानातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही.

आता गंमत पाहा. ईजीएफआर डोके-मानेच्या बहुतेक गाठींमध्ये वाढलेलेच असते. सगळ्यांच्याच काचपट्ट्या तपकिरी, तर औषध कोणाला लागू पडेल हे त्यावरून कसे निवडणार? म्हणूनच ‘रक्ताच्या थेंबातून कर्करोगाचे निदान’ छापाची बातमी वाचताना मला आधी हेच विचारावेसे वाटते: त्या थेंबामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे कोणते औषध बदलले?