विंचवाचें विष आणि रक्तवाहिन्यांचा स्नायू

विंचू डसला कीं मांत्रिकाला बोलवावयाचें, ही महाराष्ट्रांतील फार जुनी रीत. नाशिकसारख्या शहरांतील जुन्या वाड्यांनाही ती अपरिचित नव्हती. मंत्रानें विंचू उतरे, असा पुष्कळांचा अनुभव असे. आणि त्यांत नवल कांहींच नाहीं. मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर, परंतु त्याच्या दंशाची वेदना बहुधा आपोआप शमते, आणि श्रेय मांत्रिकाच्या पदरीं पडतें. लहान तांबूस विंचवाची गोष्ट निराळी. त्याच्या दंशानंतर घाम सुटतो, वांत्या होतात, हातपाय गार पडतात, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून रोग्याला धाप लागते.

हातपाय गार कां पडावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत सर्व मर्म आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत एक स्नायू असतो. हातापायांच्या स्नायूंवर सूक्ष्मदर्शकांतून आडवे पट्टे दिसतात. यावर ते नसतात, आणि तो आपल्या इच्छेचा ताबेदारही नसतो. आंतड्यांचा व गर्भाशयाचा स्नायू याच जातीचा. तो सावकाश आवळतो, पण एकदां आवळला म्हणजे फारशी शक्ति न खर्चितां तसाच राहूं शकतो.

आवळण्याचें काम मायोसिन व ॲक्टिन या दोन प्रथिनांचें. मायोसिन ॲक्टिनला धरून ओढतें. मात्र या स्नायूंत मायोसिनला स्वतःहून ओढतां येत नाहीं. त्यावर प्रथम फॉस्फेटचा एक कण चढावा लागतो. पेशींत कॅल्शियम वाढलें कीं तें कॅल्मॉड्युलिन नांवाच्या प्रथिनाला चिकटतें; ही जोडी एका विकराला जागें करते; आणि तें विकर एटीपीमधील फॉस्फेट काढून मायोसिनवर बसवितें. फॉस्फेट बसविणाऱ्या अशा विकरांना कायनेज म्हणतात. फॉस्फेट चढवून व उतरवून शरीर आपलीं कामें चालू-बंद करतें, हें १९५५ च्या सुमारास फिशर व क्रेब्ज यांनीं दाखविलें. त्याबद्दल त्यांना १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

चढविलेलें फॉस्फेट उतरविणारें विकरही तेथेंच असतें. हौदांत पाणी किती राहील हें नळाइतकेंच मोरीवरही अवलंबून, तसाच हा प्रकार. ऱ्हो-कायनेज नांवाचें दुसरें एक कायनेज ही मोरीच बुजवितें, म्हणजे फॉस्फेट उतरूं देत नाहीं. मग कॅल्शियम तितकेंच असूनही स्नायू अधिक आवळतो.

लाल विंचवाचें विष मज्जातंतूंमधील सोडियमचीं द्वारें उघडीं ठेवतें. तंतू सारखे उत्तेजित राहून ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन यांचा रक्तांत लोंढा येतो. रक्तवाहिनीच्या स्नायूवर त्यांचे 'अल्फा' ग्राहक असतात. तेथून संदेश आंत जातो, कॅल्शियम वाढतें, दोन्ही कायनेज कामाला लागतात. वाहिन्या आवळतात, कातडी गार पडते, रक्तदाब चढतो. आणि या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलतांना हृदय थकतें.

हें कोडें सुटलें तें रायगड जिल्ह्यांत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. दंशानें माणसें मरत होतीं, तीं हृदय थकून, हें त्यांनीं खाटेशीं बसून टिपलें. पुढें डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनीं आधीं नायट्रोप्रुसाइड हें रक्तवाहिन्या सैल करणारें औषध वापरलें. परंतु तें शिरेंतून थेंबथेंब द्यावें लागतें, आणि त्यावर सतत नजर ठेवावी लागते. खेड्यांत तें कसें परवडावें? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी मात्र अल्फा ग्राहकच अडविते: लोंढा असला तरी संदेश आंत पोंचत नाहीं. १९८६ सालीं हा अनुभव 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध झाला.

प्राझोसिन विष मारीत नाहीं, त्याचा परिणाम तेवढा थोपवितें. म्हणून महाड येथें ७० रोग्यांवर पुढची परीक्षा झाली, ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें २०११ सालीं छापली गेली. प्रतिविषासह प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ८. डॉ. बावस्करांना २०२२ सालीं पद्मश्री मिळाली.

गोळी दिल्यावर रोग्याला निजवूनच ठेवावें लागतें. वाहिन्या सैल झालेल्या असतांना एकदम उभें केल्यास रक्तदाब उतरून त्याला घेरी येते.