बाळसे, लठ्ठपणा आणि प्रश्नावलीची भाषा

कुटुंबाचा आहार आणि मुलांमधील स्थूलता हा विषय वैद्यकाचा व आरोग्यशास्त्राचा. त्यात भाषेच्या अभ्यासकाने लुडबूड करण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. कारण साधे आहे. ह्या विषयातील पुष्कळसे संशोधन अखेर दोन साधनांवर उभे असते : एक वजनकाटा आणि दुसरे प्रश्नावली. काट्याचे दोष काढण्यास आम्ही अपात्र आहोत. प्रश्नावली मात्र भाषेत लिहिलेली असते, आणि ती बहुधा इंग्रजीतून मराठीत आलेली असते. काही महिन्यांपूर्वी अशाच एका प्रश्नावलीचा मसुदा शुद्धलेखन तपासण्यासाठी आमच्याकडे आला. त्यातील पहिलाच प्रश्न असा होता : 'आपले मूल लठ्ठ आहे असे आपणांस वाटते काय?' शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती. तथापि ह्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणारी माता कितीशी सापडेल, ह्याविषयी आम्हांस दाट शंका आली. प्रस्तुत टिपण त्या शंकेतून लिहिले आहे.

मुलाच्या देहाविषयी बोलताना मराठीत जे शब्द सहज तोंडी येतात ते पाहावेत. तान्हे मूल 'बाळसे धरते', 'गुटगुटीत' दिसते. थोडे मोठे झाले की ते 'अंगाने भरते', 'खात्यापित्या घरचे' वाटते. उलट बाजूस 'हडकुळा', 'काडीपैलवान', 'पाप्याचे पितर' हे शब्द आहेत. म्हणजे भरलेपणाकडे झुकणारे शब्द कौतुकाचे आणि कृशतेकडे झुकणारे शब्द हेटाळणीचे. 'लठ्ठ' किंवा 'ढोल्या' हे शब्दही आहेतच, परंतु ते शाळेतील सवंगड्यांचे. आई स्वतःच्या मुलासाठी ते सहसा वापरीत नाही. ज्या समाजाने १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पाहिले, आणि ज्याच्या घरोघरी लहान मुले दगावत, त्याच्या भाषेत अंगावरची चरबी ही आपत्काळासाठी राखलेली शिल्लक मानली गेली असेल, तर त्यात नवल नाही.

ह्यात आणखी एक गुंतागुंत आहे. मूल चांगले अंग धरू लागले की आई ते चारचौघांत बोलून दाखवीत नाही. गालावर तीट लावते, आणि कोणी विचारलेच तर 'काही खातच नाही हो हा' असे म्हणते. हे वाक्य माहिती देण्यासाठी उच्चारलेले नसते. दृष्ट लागू नये म्हणून आणि विनयापोटी पाळलेला तो एक भाषिक संकेत आहे. माहिती गोळा करणारा कार्यकर्ता मात्र त्याची नोंद 'भूक मंद' अशी करून मोकळा होतो. अर्थात पालकांच्या नजरेतील ही चूक केवळ मराठी मातेची नव्हे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात, वजन प्रमाणाबाहेर गेलेल्या मुलांच्या पालकांपैकी सुमारे निम्म्यांनी ते वजन आहे त्याहून कमी समजल्याचे आढळले. चूक सार्वत्रिक आहे. तिला मिळणारे शब्द तेवढे ज्या त्या भाषेचे.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग लोकांचे कान टोचावेत आणि 'गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे' असे सांगावे. एवढ्याने भागले असते तर बरे झाले असते. परंतु पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या एका अभ्यासाने हा सारा शब्दव्यवहारच अपुरा ठरविला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. शेतावर राबणाऱ्या स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून मोजमापे घेतली. त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो भरले. त्यांच्या बाळांची साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांशी तुलना करून काढलेले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुण्याकडील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडील बाळाचे ३.५ किलो. ह्यात अनपेक्षित काही नव्हते. अनपेक्षित होते ते पुढेच. बाळाचा दंड बारीक, पोटाचा घेरही लहान, म्हणजे स्नायू आणि पोटातील अवयव ह्यांची वाढ तोकडी. पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. इंग्रजीत ह्या बाळाला 'थिन-फॅट' असे नाव मिळाले. कृश आणि स्थूल ही आपण ज्या विरुद्ध टोकांना ठेवतो ती दोन्ही विशेषणे एकाच पावणेतीन किलोच्या जिवाला लागू पडली.

चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश ह्यांची गणना निंद्य देहांच्या आठ प्रकारांत शेजारी शेजारी केली आहे. परंतु तेथेही त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. एकाच देहात त्यांचा सहवास कल्पिण्याची सोय आपल्या शब्दसंग्रहात नाही. ह्याचे कारण उघड आहे. आपले शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराचे आहेत, आणि येथे प्रश्न आकाराचा नसून देह कशाचा बनला आहे ह्याचा आहे.

काट्यावर भिस्त ठेवावी तर तोही येथे फसतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा जो अंक, त्याची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले ह्याची, आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज ह्यांनी १९७२ साली रूढ केलेले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही हा अंक २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन ह्यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांचे २१.२ टक्के! गंभीर वैद्यकीय नियतकालिकात असा खेळकरपणा क्वचित आढळतो; पण शेकडो पानांच्या तक्त्यांनी जे साधले नसते ते त्या एका चित्राने साधले. २०१५ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते सुधारले, त्यांत धोक्याच्या रेषा प्रौढांच्या २५ व ३० ह्या अंकांऐवजी २३ व २७ ह्यांशी जुळतील अशा आखल्या, त्या ह्याच जाणिवेने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती, आणि उंचीच्या मानाने वजन फार जास्त असलेली मुले ३.४ टक्के होती. हाच दुसरा आकडा २०१५-१६ मध्ये २.१ होता. 'आमच्याकडे प्रश्न उपासमारीचा, लठ्ठपणाचा नव्हे' असे विधान ह्या आकड्यांवरून सभांतून केले जाते. परंतु हे दोन प्रश्न वेगवेगळ्या मुलांचे आहेत असे गृहीत धरल्याखेरीज ते विधान टिकत नाही, आणि पुण्याच्या अभ्यासाने धक्का दिला तो नेमका त्या गृहीताला.

मग प्रतिबंध कोठून सुरू करावयाचा? ह्याच खेड्यांतील माहितीवरून २००१ साली असे दिसून आले की, मातेने एकंदर किती उष्मांक वा प्रथिने घेतली ह्यापेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे तिच्या पोटात किती वेळा गेली, ह्याचा बाळाच्या आकाराशी अधिक निकटचा संबंध होता. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळल्याचे नमूद आहे. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. म्हणजे मुलाच्या मधुमेहाची वाट त्याच्या पहिल्या घासाच्याही आधीपासून चालू लागलेली असू शकते.

घास सुरू झाल्यावरचा भाग मात्र पुन्हा भाषेच्या हद्दीत येतो. आहाराची माहिती घेण्याची रूढ पद्धत म्हणजे मागील चोवीस तासांत काय काय खाल्ले ते आठवावयास लावणे. इंग्रजीतील एका क्रियापदाच्या जागी मराठीत 'जेवणे' आणि 'खाणे' अशी दोन आहेत, आणि ह्या दोहोंतील अंतर मोठे आहे. 'काल मूल काय जेवले?' ह्या प्रश्नाचे उत्तर भाकरी, पोळी, भाजी, वरणभात एवढेच येणार. सकाळचा चहा आणि त्यात बुडविलेली बिस्किटे, दुपारी मामाने आणलेले वेफर्सचे पाकीट, आजीने हातावर ठेवलेला लाडू हे कशातच धरले जात नाही, कारण ते जेवण नव्हे. तो 'खाऊ' आहे. 'खाऊ' हा शब्द 'खाणे' ह्या धातूपासूनच आला असला, तरी व्यवहारात तो अन्नाचा वाचक राहिलेला नाही, प्रेमाचा झाला आहे. पाहुणा खाऊ न आणता आला तर मूल हिरमुसते आणि पाहुणाही ओशाळतो. ह्या शब्दाचा हिशेब विचारणे म्हणजे आजीच्या मायेचा हिशेब विचारणे होय. म्हणून जाणता कार्यकर्ता 'जेवले' असे विचारीतच नाही. 'उठल्यावर तोंडात पहिले काय गेले?' येथून आरंभ करून तो दिवस उलगडत नेतो.

'कुटुंब' ह्या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. जुन्या पिढीत 'आमचे कुटुंब' म्हणजे आमची पत्नी. आणि कौटुंबिक आहाराचे पुष्कळसे मार्गदर्शन अजूनही ह्याच अर्थाने चालते, म्हणजे सूचना साऱ्या तिला एकटीला. आपली जनगणना ह्याहून अधिक शहाणी आहे : एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, ही तिची व्याख्या आपल्या 'चूल वेगळी करणे' ह्या वाक्प्रचाराशी नेमकी जुळते. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन व सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९० साली जे मांडले, तेही अखेर चुलीचेच महत्त्व सांगते. मुलाबरोबर पालकांनीही आपल्या सवयी बदलल्या त्या गटाचा गुण दहा वर्षांनंतरही टिकून होता.

लिअन बर्च ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले की, समोर दिसत असलेला पदार्थ खाण्यास मुलाला मनाई केली की त्याची ओढ वाढते. तिचे आधीचे काम आग्रहाविषयीही सावध करते : ताट रिकामे करण्याकडे लक्ष वेधले की मुलाचे स्वतःच्या पोटाच्या खुणेकडे दुर्लक्ष होते. चिऊकाऊच्या नावाने चाललेला शेवटचा घास आणि 'ताटात टाकू नये' हा संस्कार ह्या दोहोंचा ह्या दृष्टीने विचार व्हावयास हवा. तो संस्कार टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही, पण ताट वाढणाऱ्याचा हात मोठा असेल तर त्याचे ओझे मुलाने का उचलावे? भूक ओळखून भरविण्याच्या पद्धतीला मराठी पत्रकांतून 'प्रतिसादात्मक आहार' असे नाव दिलेले आढळते. हा शब्द कोणाही मातेच्या तोंडी बसणार नाही. 'मुलाच्या कलाने भरवणे' हा प्रयोग आपल्याकडे आयता आहे, आणि मूळ कल्पनेच्या तो अधिक जवळ जातो. 'थिन-फॅट'साठी आम्ही सुचविले ते असे : 'हाडापेराने बारीक, पण अंगात चरबी'. लांबलचक आहे खरे. परंतु ते ऐकून समजते.

मसुद्यातील पहिला प्रश्न अखेर गाळण्यात आला. त्याच्या जागी लहानमोठ्या अंगलटीच्या मुलांची सात रेखाचित्रे ठेवून 'आपले मूल ह्यांपैकी कोणासारखे दिसते?' असे विचारावयाचे ठरले. त्वचेखालची चरबी चित्रातही दिसत नाही, म्हणून त्याखाली कमरेच्या मापासाठी एक चौकट वाढविली आहे. 'खाऊ'ला मात्र स्वतंत्र पान द्यावे लागले.