साडीतून रीजन्सी गाऊन: कात्री लावण्याआधी ऐका

चाकणच्या कंपनीत ॲन्युअल डेला ‘ब्रिजर्टन’ थीम आहे आणि गाऊनचं भाडं परवडत नाही? मग आईची जुनी, मऊ सुती साडी काढा. आधी विचारून हं! गंमत नाही, रीजन्सी काळात, म्हणजे १८११ ते १८२० मध्ये, इंग्लंडच्या श्रीमंत बायका असे गाऊन बऱ्याचदा भारतातून गेलेल्या मलमलीचेच शिवून घ्यायच्या.

आता मेन गोष्ट. या गाऊनची कंबर कमरेवर नसते, छातीच्या लगेच खाली असते. पिंपरी कॅम्पातल्या टेलरकाकांना हे आधीच सांगा, नाहीतर साधा फ्रॉक होईल. त्या दिवशीची चप्पल घालून तिथून जमिनीपर्यंत माप घ्या. साडीचा पन्हा साधारण ४४-४५ इंच. शिलाईचा अर्धा इंच धरून माप त्यात बसलं, तर काठच खाली येतो, दुमडायची गरज नाही. उंची जास्त असेल तर खाली फ्रिल जोडा. पुढचा भाग सपाट, चुण्या सगळ्या मागे.

आणि वरचा भाग आधी मांजरपाटात शिवून, घालून बघा. मांजरपाट चुकला तर दुसरा आणता येतो. आईची साडी एकदा कापली की कापली!