जोडणीपूर्वीचे नामनिर्देशन
वसई तालुक्यातील कळंबसारख्या समुद्रकाठच्या गावी एखाद्या वाचनालयाने ग्रंथसूचीसाठी सर्व्हर आणून ठेवला, परंतु इंटरनेटची केबल अद्याप पोहोचली नाही, अशा वेळी त्या यंत्राला आपल्याच नावाचा पत्ता सांगता येत नाही आणि तो विचारणारे काही प्रोग्राम उत्तराची वाट पाहत खोळंबून राहतात. नावावरून अंकात्मक पत्ता शोधून देणारी डीएनएस ही जगड्व्याळ व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तत्पूर्वी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वावतारावरील यंत्रांची नावे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने सांभाळलेल्या एकाच फाइलीत दाखल होत, आणि त्या जुन्या दप्तराचा वारसा लिनक्सच्या 'ईटीसी' फोल्डरातील 'होस्ट्स' ही साधी फाइल आजही चालवते, हे मला फार मोलाचे वाटते. तीत १२७.०.०.१ या स्वगृहीच्या पत्त्यापुढे 'लोकलहोस्ट' असे, आणि डेबियन या लिनक्स-वितरणाच्या रिवाजाप्रमाणे १२७.०.१.१ यापुढे यंत्राचे स्वतःचे नाव, अशा दोन ओळी (अर्थात रोमन लिपीत) लिहिल्या की तूर्त तजवीज होते. मात्र 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' या फाइलीत 'फाइल्स' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी आहे ना, हे पाहणे अगत्याचे, कारण चौकशीचा क्रम तीच ठरवते. पुढे जोडणी होऊन यंत्राला कायमचा पत्ता मिळाला, म्हणजे १२७.०.१.१ च्या जागी तो लिहावा.